चित्र भिंतीवर, सातबारा दुसऱ्याच्या नावावर

२०१७ च्या जूनमध्ये शिकागोच्या पिल्सन वस्तीत एका इमारतीच्या दर्शनी भिंतीवर राखाडी रंगाचा हात मारला गेला. जुनी इमारत, नवा मालक, आत भाड्याचे फ्लॅट काढायचे, म्हणून आधी बाहेरून रंग. आपल्याकडेही हे रोज कुठे ना कुठे चालतं. पण त्या राखाडीखाली पंचेचाळीसेक वर्षांचं म्युरल होतं आणि ते दिसेनासं झाल्यावर वस्ती खवळली.

इमारतीचं नाव कासा आस्त्लान. मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांसाठी ते कित्येक वर्षं एका अर्थाने गावचावडीच होतं. शाळा सुटल्यावर मुलं तिथे यायची, मोठी माणसं इंग्रजी शिकायची, संध्याकाळी सभा व्हायच्या. १९७० च्या आसपास रे पात्लान या चित्रकाराने तिच्या भिंती रंगवल्या. पात्लान व्हिएतनाम युद्धातून परतलेला सैनिक. त्याने भिंतीवर मेक्सिकन क्रांतीतले आणि शेतमजुरांच्या चळवळीतले चेहरे उतरवले. पुढे संस्था कर्जात गेली, वास्तू हातची गेली आणि ज्याने ती घेतली त्याच्या लेखी भिंतीवरचं चित्र म्हणजे जुना रंग.

बोंब झाल्यावर नव्या मालकाने पात्लानलाच बोलावून नवं म्युरल करून घ्यायचं मान्य केलं आणि ते झालंही. आज तिथे गेलात तर भिंत पुन्हा रंगीत दिसेल. गोष्ट इथेच थांबवली तर शेवट गोड. फक्त एक बारीक अडचण आहे. चित्र परत आलं, चावडी परत आली नाही. आत आता भाड्याचे फ्लॅट आहेत आणि ज्यांचे आजी-आजोबा त्या चित्रात सापडतात, त्यातल्या अनेकांना तिथलं भाडं परवडण्यासारखं नाही.

हा लेख त्या अडचणीबद्दल आहे.

आधी दोन शब्दांचा उलगडा करून घेऊ. म्युरल म्हणजे भित्तिचित्र, हे खरंच. पण भित्तिचित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अजिंठा येतं, म्हणून इथे म्युरलच म्हणतो. दुसरा शब्द जेंट्रिफिकेशन. १९६४ मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तो लंडनसाठी घडवला. इंग्लंडमधल्या जमीनदार, खानदानी वर्गाला 'जेंट्री' म्हणतात. लंडनच्या कामगार वस्त्यांतली जुनी घरं मध्यमवर्गीय लोक एकेक करून विकत घेत होते, डागडुजी करून सजवत होते आणि बघता बघता आधीचे लोक तिथून नाहीसे होत होते. ग्लासबाईंनी त्याला थोडं खवचटपणे जेंट्री येणं म्हटलं. मराठीत 'अभिजनीकरण' असा शब्द अधूनमधून दिसतो, पण तो कुणी बोलत नाही. लोअर परळला 'अप्पर वरळी' म्हणायला लागले, एवढं सांगितलं तरी मुंबईकराला अर्थ पोचतो.

हे घडतं कसं, त्याचं गणित नील स्मिथ या भूगोलाच्या अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलं, आणि ते कुठल्याही दलालाला पुस्तक न वाचता ठाऊक असतं. समजा एका जुन्या इमारतीच्या सगळ्या खोल्यांचं मिळून महिन्याला वीस हजार भाडं येतं. त्याच जागेवर नवं काही उभं राहिलं तर वीस लाख येऊ शकतात. हा मधला फरक जोवर लहान असतो तोवर मालक स्वस्थ बसतो. तो वाढावा म्हणून तो दुरुस्तीला हात लावत नाही. गळतं तर गळू दे, कठडा पडला तर पडू दे. इमारत जितकी खंगते तितकं आजचं भाडं कमी आणि उद्याची आशा मोठी. फरक पुरेसा रुंद झाला की एक दिवस पैसा आत येतो. म्हणजे वस्ती 'सुधारते' तेव्हा जे दिसतं त्याची तयारी, ती 'बिघडत' होती तेव्हाच चाललेली असते. लोक फक्त दुसरा भाग बघतात आणि म्हणतात, बघा किती छान झालं.

पिल्सनचं नावच बघा. ते चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन शहरावरून आलं, कारण मेक्सिकन लोकांच्या आधी तिथे चेक स्थलांतरित राहत होते. मेक्सिकन कुटुंबं मोठ्या संख्येने तिथे आली ती १९६० च्या दशकात, जवळच्या वस्तीतून. शहराने त्या जवळच्या वस्तीत विद्यापीठाचं संकुल बांधायला घेतलं आणि त्यांना हलावं लागलं. म्हणजे ज्यांनी पिल्सनच्या भिंती रंगवल्या, ते आधीच एकदा उठवलेले लोक होते. मला वाटतं, त्या चित्रांमागची तळमळ इथून येते. आपण इथे आहोत हे भिंतीवर ठळक लिहावंसं त्यालाच वाटतं, ज्याला आपण इथे किती दिवस आहोत याची खात्री नसते.

वस्तीचं म्युरल ही कल्पना शिकागोचीच. १९६७ मध्ये शहराच्या दक्षिण भागात, ४३ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, कृष्णवर्णीय चित्रकारांच्या एका गटाने एका मोडकळीला आलेल्या इमारतीची भिंत रंगवली आणि तिला नाव दिलं 'वॉल ऑफ रिस्पेक्ट', आदराची भिंत. त्यावर कृष्णवर्णीय नेते, लेखक, खेळाडू, संगीतकार. पालिकेची परवानगी नाही, कुणा श्रीमंताचा पैसा नाही. लोक खाली उभे राहून कोणाचा चेहरा हवा, कोणाचा नको यावर वाद घालत. १९७१ मध्ये इमारतीला आग लागली आणि ती पाडली गेली. चार वर्षांचं आयुष्य. पण तोवर अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत लोकांनी डबे-ब्रश हातात घेतले होते. मेक्सिकन वस्त्यांना तर हे परकं नव्हतंच. १९२० च्या दशकात मेक्सिकोच्या क्रांतीनंतर दिएगो रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंतींवर देशाचा इतिहास रंगवला होता. नातवंडांनी तोच वारसा सरकारी भिंतीवरून गॅरेजच्या दारावर आणला.

गॅरेजचं दार हे मी उगाच म्हणत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात २४ व्या आणि २५ व्या रस्त्यांच्या मधे बाल्मी नावाची एक चिंचोळी गल्ली आहे. घरांच्या मागच्या बाजू, लाकडी कुंपणं, गॅरेजची दारं. १९७२ मध्ये तिथे पहिलं चित्र काढलं ते आसपासच्या लहान मुलांनी, एका चित्रकार बाईंच्या देखरेखीखाली. त्यानंतर मुहेरेस मुरालिस्तास, म्हणजे 'म्युरल काढणाऱ्या बाया', या गटातल्या चित्रकर्तींनी काही चित्रं काढली. आणि १९८४ मध्ये तोच रे पात्लान, आता शिकागोहून कॅलिफोर्नियात आलेला, त्याने तीसेक चित्रकार गोळा केले आणि एकाच मोहिमेत गल्लीत सत्तावीस म्युरलं उभी केली. गटाचं नाव प्लाका. पोरं आपली खूण म्हणून भिंतीवर जे नाव लिहितात, त्याला तिथल्या बोलीत प्लाका म्हणतात. त्या वेळी एल साल्वाडोर, ग्वातेमाला, निकाराग्वा इथल्या यादव्यांतून पळून आलेली माणसं मिशनमध्ये भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होती. अमेरिकेचं सरकार त्या युद्धांत हात घालत होतं, आणि गल्ली त्याच्या विरोधात बोलत होती.

आता असं म्युरल प्रत्यक्ष होतं कसं ते पाहू, कारण खरी गोम तिथे आहे.

रंग ही शेवटची पायरी. आधी भिंत मिळवायची. घरमालकाला किंवा दुकानदाराला पटवायचं. मग शेजाऱ्यांची बैठक. मिशनमध्ये १९७७ पासून प्रेसीता आइज नावाची संस्था हे काम करते, आणि तिच्या पद्धतीत सुरुवातीला कुणीच चित्रकार नसतो. लोक बोलतात. इथे पूर्वी काय होतं, कोण गेलं, मुलांना काय दिसावं, काय दिसू नये. कुणीतरी म्हणतं बेकरीवाला हवा. कुणीतरी म्हणतं, तो उधारी बंद करायचा, तो कशाला? या वादातून कच्चं रेखाटन निघतं, ते पुन्हा लोकांपुढे जातं, पुन्हा फिरतं. मग भिंत धुवायची, सुटलेला गिलावा काढायचा, भेगा भरायच्या, अस्तराचा रंग द्यायचा. छोट्या कागदावर चौकटी पाडायच्या, भिंतीवर खडूच्या सुताने तितक्याच मोठ्या चौकटी पाडायच्या, आणि एकेका चौकटीतली रेघ मोठी करत जायची. आपल्याकडे सिनेमाची पोस्टरं रंगवणारे हेच करायचे. परांचीवर चढून ॲक्रिलिक रंगांचे थर. दुपारी शाळेतून आलेली मुलं खालची पट्टी रंगवतात, म्हणून अशा चित्रांत पुष्कळदा कमरेखालचं गवत आणि दगड जरा भोळसट असतात आणि वरचे चेहरे सफाईदार. शेवटी ऊन आणि खोडसाळ स्प्रे यांपासून जपणारा पारदर्शक थर.

एवढं करूनही वीस-तीस वर्षांत रंग विटतात, विशेषतः लाल आणि पिवळे. कुंपण कुजतं. म्हणजे म्युरल हे देवळाच्या दीपमाळेसारखं दगडी काम नाही. ते अंगणातल्या सारवणासारखं आहे, अधूनमधून पुन्हा करावं लागतं. पुन्हा करायचं तर पुन्हा बैठक, पुन्हा वाद, पुन्हा तो बेकरीवाला. वस्तीची आठवण जागी राहते ती या वादांत. भिंतीवर जे उरतं ती त्या बैठकीची पावती.

एक भिंत जवळून बघण्यासारखी आहे, आणि मराठी माणसाने तर आवर्जून. २४ वा रस्ता आणि यॉर्क रस्ता यांच्या कोपऱ्यावर हुआना आलिसिया या चित्रकर्तीने १९८३ मध्ये कोबीसारख्या लेट्यूसच्या शेतात राबणाऱ्या बायांचं चित्र काढलं होतं. ती स्वतः त्या शेतांत राबलेली. पुढे भिंतीत पाणी मुरलं आणि चित्र वाचवता येईना. २००४ मध्ये तिने त्याच भिंतीवर नवं चित्र काढलं, आणि विषय घेतला पाणीच. मेक्सिकन लोककथेतली योरोना, मुलांसाठी नदीकाठी रडत फिरणारी बाई, मध्यभागी. जवळजवळ सगळी भिंत निळी. एका भागात बोलिव्हियातल्या कोचाबांबाच्या बाया, पाण्याचं खासगीकरण हाणून पाडणाऱ्या. एका भागात मेक्सिकोच्या हद्दीवरच्या हुआरेस शहरात मारल्या गेलेल्या मुलींसाठी काळे कपडे घालून उभ्या बाया. आणि तिसऱ्या भागात पाण्यात उभ्या असलेल्या नर्मदा खोऱ्यातल्या बाया.

सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाक्यावर, आपल्या नर्मदेतल्या. अक्कलकुवा-अक्राणीच्या गावांत धरणाचं पाणी चढत असताना घर न सोडता उभं राहिलेल्या लोकांची आठवण नंदुरबार-धुळ्याच्या बाहेर आपल्या किती भिंतींवर आहे, हा प्रश्न मला त्या चित्राचा फोटो बघताना दर वेळी छळतो. तिथल्या बायांना नर्मदा का आठवली, हे मात्र सरळ आहे. धरण येवो की टेक कंपनी, 'विकास आला, तुम्ही हला' हे वाक्य दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं.

मिशनमध्ये ते वाक्य दोनदा आलं. पहिल्यांदा १९९० च्या दशकाच्या शेवटी, इंटरनेट कंपन्यांच्या पहिल्या लाटेत. दुसऱ्यांदा २०१० नंतर, जेव्हा मोठ्या कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या सकाळी तिथल्या थांब्यांवरून नोकरदारांना उचलायला लागल्या. २०१३ च्या डिसेंबरात लोकांनी अशी एक बस २४ व्या रस्त्यावर अडवली तेव्हा ही बातमी जगभर गेली. शहराच्याच एका अहवालाप्रमाणे २००० मध्ये मिशनमध्ये लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, लोक सुमारे ६० टक्के होते. दहा-बारा वर्षांत ते ४८ टक्क्यांवर आले. घरं खाली करवून घ्यायला कायद्यात एक सोपी वाट आहे. १९८५ चा एलिस कायदा म्हणतो की मालकाला भाड्याच्या धंद्यातून बाहेर पडायचं असेल तर तो सगळ्या भाडेकरूंना एकदम नोटीस देऊ शकतो. धंद्यातून बाहेर पडलेला मालक मग त्याच खोल्या विकायला मोकळा.

भिंतींना ज्यांनी घडवलं, त्या संस्थाही सुटल्या नाहीत. गालेरिया दे ला रासा ही १९७० पासूनची कलासंस्था २४ व्या रस्त्याच्या नाक्यावर सेहेचाळीस वर्षं होती. भाडं एकदम दुप्पट व्हायची वेळ आली आणि २०१८ मध्ये तिला जागा सोडावी लागली.

मग कायदा काय करतो? करतो, पण कुणासाठी ते नीट बघायला हवं.

अमेरिकेत १९९० चा एक केंद्रीय कायदा आहे, दृश्य कलावंतांच्या हक्कांचा. कलावंताच्या हयातीत त्याचं चित्र कुणी विद्रूप करू नये, आणि 'मान्यताप्राप्त दर्जाचं' असेल तर नष्टही करू नये. इमारतीच्या भिंतीवरचं चित्र काढून नेता येण्यासारखं असेल, तर मालकाने कलावंताला आधी नव्वद दिवसांची नोटीस द्यायची. या कायद्याचा सगळ्यात गाजलेला खटला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फाइव्ह पॉइंट्झचा. एका जुन्या कारखान्याच्या भिंतींवर मालकाच्याच संमतीने वर्षानुवर्षं ग्राफिटी चालली होती. टॉवर बांधायचं ठरलं, आणि २०१३ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत सगळं पांढरं. २०१८ मध्ये न्यायालयाने २१ कलावंतांना ६७.५ लाख डॉलर द्यायला लावले: ४५ चित्रं, प्रत्येकी दीड लाख. २०२० मध्ये वरच्या न्यायालयानेही ते उचलून धरलं. कलावंतांचा विजय, यात शंका नाही. भिंत मात्र तोवर जमीनदोस्त झाली होती, तिथे टॉवर उभे होते, आणि मालकांनी नव्या प्रकल्पालाही तेच फाइव्ह पॉइंट्झ नाव लावायचं ठरवलं होतं. चित्र पुसायचं आणि त्याची पुण्याई पाटीवर ठेवायची. याला नुसता निर्लज्जपणा म्हणणं कमी पडतं. हा हिशेबीपणा आहे.

आपल्याकडेही असा कायदा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं कांस्य म्युरल दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या नावाखाली ते उखडून गोदामात टाकलं गेलं. सहगल भांडत राहिले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला उरलेले तुकडे परत द्यायला आणि वर पाच लाख रुपये भरायला सांगितलं.

पण या दोन्ही कायद्यांत फिर्यादी कोण? चित्रकार. 'आमच्या वस्तीची आठवण पुसली' असं म्हणत शेजारीण कोर्टात गेली तर तिला उभं राहायला जागा नाही. आणि 'मान्यताप्राप्त दर्जा' ठरवायचा तर तज्ज्ञ येऊन साक्ष देतात. नामवंताच्या भिंतीसाठी प्राध्यापक येतील. पाचवीच्या पोरांनी रंगवलेल्या कुंपणासाठी कोण येणार? म्हणजे चित्र जितकं खरोखर वस्तीचं, तितकं ते कायद्याच्या नजरेत हलकं.

याहून अवघड गाठ पुढे आहे. म्युरल नुसतं बळी पडत नाही, ते कधी कधी दलालीही करतं. रंगीत गल्ली म्हटली की पर्यटक येतात, पर्यटक आले की कॉफीची दुकानं येतात, कॉफीच्या मागोमाग भाडं. बाल्मी गल्ली आज पर्यटकांच्या यादीत असते. विस्थापनाविरुद्ध काढलेल्या चित्रापुढे उभं राहून लोक हसरे फोटो काढतात, आणि फ्लॅट विकणारा जाहिरातीत परिसराच्या 'कलात्मक वातावरणा'चे पैसे वसूल करतो. लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स भागात तर लोकांनी २०१६ च्या सुमाराला वस्तीत येऊ घातलेल्या गॅलऱ्यांविरुद्धच निदर्शनं केली. कलेने तोंड धुऊन आलेला बिल्डर, असा अर्थ होईल असा शब्द तिथे रूढ आहे: आर्टवॉशिंग.

यावर सगळ्यात जहाल उत्तर बर्लिनमध्ये दिलं गेलं. क्रॉइझबर्ग भागात ब्लू या इटालियन चित्रकाराची दोन अवाढव्य म्युरलं होती, शहराच्या पोस्टकार्डांवर छापली जाणारी. शेजारच्या मोकळ्या जागेवर बांधकाम येणार, आणि खिडकीतून दिसणारं जगप्रसिद्ध चित्र ही त्या घरांची जमेची बाजू ठरणार, हे उघड होतं. २०१४ च्या डिसेंबरात एका रात्री, ब्लूच्या संमतीने, त्याच्या साथीदारांनीच दोन्ही चित्रं काळ्या रंगाने बुजवली. मला यात थोडी हट्टाची चव लागते. पण युक्तिवाद खोडता येत नाही: आमची आठवण तुमच्या बाल्कनीचा व्ह्यू होणार असेल, तर ती नसलेलीच बरी.

एवढी टोकाची पाळी न येता जिथे म्युरलं टिकली, तिथे काय वेगळं होतं? मी एकच गोष्ट शोधतो: भिंतीखालची जमीन कुणाच्या नावावर आहे.

मिशनमध्येच विमेन्स बिल्डिंग नावाची चार मजली इमारत आहे. १९९४ मध्ये सात चित्रकर्तींनी तिच्या दोन बाजू खालपासून वरपर्यंत रंगवल्या. त्या सातांत एक मीरा देसाई. ते म्युरल आजही झळकतं, २०१२ मध्ये त्याचं रीतसर पुनर्रंगकाम झालं. कारण चित्र काढायच्या पंधरा वर्षं आधी, १९७९ मध्ये, बायकांच्या संस्थेने ती इमारतच विकत घेतली होती. सॅन डिएगोचं चिकानो पार्क तर याचं पाठ्यपुस्तक. चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन. आधी महामार्ग आणि पूल बांधताना लोगन वस्ती चिरली गेली. पुलाखालच्या जागेत बाग देऊ म्हणाले आणि १९७० मध्ये तिथे महामार्ग पोलिसांच्या ठाण्यासाठी बुलडोझर आले. २२ एप्रिलला शाळकरी मुलांपासून आज्यांपर्यंत लोक जागेवर जाऊन बसले, बारा दिवस हलले नाहीत, स्वतःच कुदळी घेऊन झाडं लावू लागले. जागा मिळाली. पुलाच्या खांबांवर रंग चढायला सुरुवात झाली ती १९७३ मध्ये. आधी जमीन, मग चित्र. २०१६ मध्ये त्या बागेला राष्ट्रीय वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

मिशनमधल्या संस्थांनाही हे उमगलंय. २०१४ मध्ये शहराने २४ व्या रस्त्याच्या पट्ट्याला 'लॅटिनो सांस्कृतिक जिल्हा' जाहीर केलं, ते मान म्हणून ठीकच. पण त्याच सुमाराला सुरू झालेली दुसरी योजना मला जास्त महत्त्वाची वाटते: भाडेकरूंनी भरलेल्या छोट्या इमारती विकायला निघाल्या की शहराच्या कर्जातून एखाद्या ना-नफा संस्थेने त्या घ्यायच्या आणि लोकांना जिथल्या तिथे राहू द्यायचं. या योजनेचा फोटो कुणी काढत नाही. पायऱ्या दुरुस्त होतात, पाइप बदलतात, भाडेकरू तेच राहतात.

वारशाचा शिक्का नेहमी उपयोगी पडतो असंही नाही. पिल्सनमध्ये शहराने शेकडो जुन्या इमारती आणि रेल्वेच्या बांधावरची म्युरलं मिळून वारसा-परिसर जाहीर करायचं ठरवलं, तेव्हा विरोध केला तो तिथल्याच घरमालकांनी. खिडकी बदलायची तरी परवानगी, दुरुस्ती महाग, आणि वारशाच्या नावाने किमती अजून चढणार. २०२० च्या अखेरीस प्रस्ताव बारगळला. गिरगावातल्या किंवा पुण्याच्या पेठेतल्या वाड्यात राहणाऱ्याला हा विरोध समजावून सांगावा लागणार नाही.

गिरगाव आलंच आहे तर गिरणगावही येऊ दे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त रिकाम्या जमिनीची, अशी दुरुस्ती झाली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. रिकामी जमीन होती किती? म्हणून आज आवाराच्या नावात मिल आहे आणि आत मॉल, बार, ऑफिसं. क्वीन्सच्या त्या पाटीची सख्खी बहीण.

तिथल्यासारखी म्युरलं मात्र गिरणगावात फारशी नव्हती. आपली भिंत वेगळी होती: चाळीच्या तोंडाशी मंडळाचा फळा. रंगीत खडूने लिहिलेला. सभा, सुविचार, कुणाच्या मुलाला दहावीला किती टक्के पडले, कोण वारलं आणि अंत्ययात्रा किती वाजता. ज्याचं अक्षर चांगलं त्याला वस्तीत मान. रात्री लिहायचं, चार दिवसांनी पुसायचं, पुन्हा लिहायचं. म्युरलच्या बैठकीतला तो वाद इथे रोज व्हायचा, फक्त फळ्यापुढे उभं राहून. वारसा म्हणून त्याची नोंद कुणी करणार नाही, कारण जपायला वस्तूच नाही. आहे ती फक्त लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची ये-जा.

मुंबईत माणसं बहुधा एलिस कायद्यासारख्या नोटिशीने जात नाहीत. त्याच जागेवर मोठा फ्लॅट मिळतो, हा फरक खरा आणि मोठा आहे. गळक्या खोलीतून लिफ्टच्या घरात गेलेल्या बाईला जुन्या दिवसांचे कढ काढायला सांगणं हा माज झाला. पण टॉवरचा मेंटेनन्स दर महिन्याला येतो, पेन्शन तेवढी येत नाही, आणि दोन भावांत एक फ्लॅट वाटता येत नाही. मग विकतात आणि कल्याण, बदलापूर, विरार गाठतात.

मिशनमधून गेलेले लोक २ नोव्हेंबरला परत येतात. त्या संध्याकाळी तिथे मृतांच्या दिवसाची मिरवणूक निघते, हातात मेणबत्त्या, झेंडूची फुलं, गेलेल्यांचे फोटो. झेंडू बघून आपल्याला दसरा आठवतो. लालबाग-परळचे लोक गणपतीत परत येतात. आता दुसऱ्याच कुणाचा झालेला दरवाजा ओलांडून मंडपापाशी जातात, कुणाची आई कशी आहे विचारतात, फळा असला तर वाचतात. आरती उशिरा संपते. प्रसाद रुमालात बांधून घेतात आणि शेवटची कसारा लोकल चुकू नये म्हणून करी रोड स्टेशनाकडे भराभर चालू लागतात.